स्टिकरच्या ड्रममध्ये नक्की काय भरलंय? पॉलिमरच्या मास स्पेक टेस्टिंगचा माझा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांचं काम होऊन जाईल. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालना, नांदेड, कुठंही तुमचं छोटं युनिट असेल आणि मालात पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल), पॉलिऑल, सिलिकॉन सरफॅक्टंट (पाणी पसरवणारं केमिकल) असलं काही जात असेल तर मास स्पेक टेस्ट, म्हणजे रेणूंचं वजन मोजणारी टेस्ट, एकदा करून बघाच, पैसे वाया जात नाहीत. फक्त लॅब निवडताना मशीन कोणतं आहे हे नंतर विचारा, स्पेक्ट्रम वाचणारं माणूस कोण आहे हे आधी विचारा. मी ज्या लॅबची सर्व्हिस घेतली ती पुण्याकडची एक खाजगी लॅब आहे, खाली तक्रारी पण लिहिल्यात म्हणून नाव टाकत नाही. पाचपैकी चार स्टार देतो, पाचवा का कापला ते पुढं येईलच.

मी वाळूजच्या एका लहान युनिटमध्ये केमिस्ट आहे. आमच्याकडं फवारणीत टाकायचं सिलिकॉन स्टिकर भरलं जातं, म्हणजे कच्चा माल ड्रममधून येतो, आम्ही चेक करून छोट्या बाटल्यांत भरतो आणि जालना, परभणी, बीड भागातल्या कृषी सेवा केंद्रांना देतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, स्टिकर म्हणजे औषध पानावर नीट पसरावं म्हणून पंपात टाकतात ते. कांद्याच्या पातीवर नुसतं पाणी मारून बघा, पात उभी आणि मेणचट असल्यामुळं थेंब घरंगळून खाली जातो, आणि औषध महागाचं असलं तरी गेलं मातीत. चांगलं ट्रायसिलोक्सेन (तीन सिलिकॉनच्या रेणूचं) स्टिकर असेल तर तोच थेंब बघता बघता पसरून पातळ थर होतो. हा फरक शेतकऱ्याला डोळ्यानं दिसतो, त्याला कुठलं सर्टिफिकेट लागत नाही.

आणि तिथंच घोळ झाला. मागच्या सीझनला वैजापूर साइडच्या कांदावाल्यांच्या आणि परभणीकडच्या कापूसवाल्यांच्या तक्रारी यायला लागल्या की दादा, स्टिकर पहिल्यासारखं पसरेना. दुकानदार आम्हाला बोलायले, आम्ही ट्रेडरला बोलायलो, आणि ट्रेडर काय करणार, त्यानं सीओए, म्हणजे मालासोबत येणारा टेस्टचा दाखला, पुढं केला. सीओए एकदम क्लीन. दिसायला स्वच्छ, व्हिस्कॉसिटी रेंजमध्ये, पीएच बरोबर, ॲक्टिव्ह कंटेंट ९९ टक्के. आता हा ॲक्टिव्ह कंटेंट काढतात कसा, तर ओव्हनमध्ये ठेवून जे उडून जात नाही ते मोजतात. म्हणजे त्यात दुसरं कुठलंही न उडणारं सरफॅक्टंट मिसळलं तरी आकडा ९९ च येणार. हा आकडा बघून ड्रम पास करणाऱ्या सगळ्यांनी हे एकदा नीट लक्षात घ्यावं, मी हात जोडून सांगतो.

आमच्याकडं आयआर (इन्फ्रारेड प्रकाशानं रेणूतले बंध ओळखायचं मशीन) आहे, तो पण काढला. १२६० ला सिलिकॉन-मिथाईलचा धारदार पीक आला म्हणजे ड्रममध्ये सिलिकॉन आहे एवढं कळलं. पण १००० ते ११०० च्या पट्ट्यात सिलिकॉन-ऑक्सिजनचे पीक आणि पॉलिइथरचे पीक एकमेकांवर चढून बसतात, त्यामुळं सोबत अजून काय मिसळलंय ते आयआरवरून सांगणं अवघड. सरफेस टेन्शन बघितलं तर ते पण फसवतं, मिक्स मालात जे जास्त तेज आहे तेच वर पृष्ठभागावर येऊन बसतं आणि रीडिंग बऱ्यापैकी खालीच दिसतं. प्लास्टिकच्या शीटवर ०.१ टक्का द्रावणाचा थेंब टाकला तर कमी पसरत होता, हे खरं. पण त्याची दोन कारणं असू शकतात. एक, मालात भेसळ आहे. दोन, माल चांगलाच होता पण साठवणुकीत खराब झाला, कारण ट्रायसिलोक्सेन ॲसिडिक किंवा अल्कलाइन पाण्यात तुटतं, त्याला साधारण न्यूट्रल पीएच लागतो. या दोन कारणांचा दोष दोन वेगळ्या माणसांवर जातो, एकात ट्रेडर अडकतो आणि दुसऱ्यात आम्ही. म्हणून अंदाजावर काम चालणार नव्हतं, रेणूचं वजनच करायचं ठरवलं.

टेस्ट काय असते ते थोडक्यात. पॉलिमरमध्ये सगळे रेणू एकाच वजनाचे नसतात, कुणाची साखळी आठ कड्यांची, कुणाची बारा. मॅल्डी नावाच्या पद्धतीत सॅम्पल एका मॅट्रिक्समध्ये मिसळतात, म्हणजे लेसरचा प्रकाश शोषणारं एक सेंद्रिय केमिकल, पॉलिमरसाठी डिथ्रॅनॉल किंवा डीसीटीबी चालतं, त्यात सोडियम नाहीतर पोटॅशियमचं मीठ चिमूटभर टाकतात, स्टीलच्या प्लेटवर ठिपका वाळवतात आणि ३३७ किंवा ३५५ नॅनोमीटरचा लेसर मारतात. रेणू न तुटता वर उडतात, जाताना एक सोडियम चिकटवून घेतात, मग सगळ्यांना सारखाच व्होल्टेजचा धक्का देऊन लांब नळीत सोडतात. हलका आधी पोचतो, जड मागून येतो, वेळेवरून वजन काढतात. स्पेक्ट्रम दिसतो अगदी कंगव्यासारखा, आणि दोन दातांमधलं अंतर म्हणजे एका कडीचं वजन. पीईजीचं ४४.०३, पॉलिप्रॉपिलीन ग्लायकॉलचं ५८.०४, सिलिकॉन तेलाचं ७४.०२, पॉलिस्टायरीनचं १०४.०६. अंतरावरून पॉलिमर कोणता ते कळतं, आणि अंतर काढून जे वजन उरतं त्यावरून टोकाला काय बसलंय ते कळतं. दुसऱ्या बहुतेक टेस्ट आख्ख्या मालाचा ॲव्हरेज देतात, इथं एकेक साखळी सुटी दिसते, मला ही टेस्ट आवडण्याचं कारण हेच.

या पद्धतीच्या कामाबद्दल शिमाड्झू कंपनीच्या कोइची तानाका यांना २००२ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. हे गृहस्थ शिकलेले इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, पीएचडी नाही, कंपनीत नोकरी करत होते. त्यांनी बारीक कोबाल्ट पावडर आणि ग्लिसरीन वापरलं होतं, आज आपण वापरतो ते सेंद्रिय मॅट्रिक्स जर्मनीच्या कारास आणि हिलेनकॅम्प यांच्या कामातून आलं. तानाकांच्या १९८८ च्या पेपरात प्रोटीनच्या जोडीला पीईजी पण होतं, म्हणजे ही टेक्निक पहिल्यापासून पॉलिमरवाल्यांची पण आहे, नुसती बायोवाल्यांची नाही. आपल्याकडं कॉलेजात हे प्रोटीनपुरतंच शिकवतात आणि पोरं इंडस्ट्रीत आल्यावर पॉलिमरला मास स्पेक चालतं हेच त्यांच्या डोक्यात नसतं, मला याचं फार वाईट वाटतं.

आता सर्व्हिसकडं येतो. बुकिंगचा अनुभव एक नंबर. फॉर्ममध्ये नुसतं नाव-पत्ता-जीएसटी नाही तर कामाचे प्रश्न होते, सॅम्पल कशात विरघळतं, अंदाजे वजन किती, टोकाला काय असण्याची शक्यता आहे, त्यात आधीच मीठ किंवा ॲसिड आहे का. फॉर्म भरल्यावर तिथल्या मॅडमचा स्वतःहून फोन आला, नुसतं "सॅम्पल मिळालं" सांगायला नाही तर "सर, तुम्हाला नक्की काय शोधायचंय?" असं विचारायला. मी म्हणलं मॅडम, ड्रममध्ये ट्रायसिलोक्सेनसोबत नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट (सिलिकॉन नसलेलं दुसरं सरफॅक्टंट) आहे का ते बघायचंय. त्या म्हणल्या, मग वजन हजारच्या खालीच असणार, तिथं मॅट्रिक्सचे स्वतःचे पीक मध्ये मध्ये येतात, मॅल्डी करूच पण सोबत इलेक्ट्रोस्प्रे (मॅट्रिक्स न लागणारी, द्रावणाचा फवारा उडवून करायची मास स्पेकची पद्धत) पण घेऊ. हा सल्ला बरोबर होता, आणि जास्तीचा चार्ज किती लागेल ते त्यांनी आधीच सांगितलं.

सॅम्पल काचेच्या बाटलीत मागितलं. यावर बरेच जण वाद घालतात की कशाला, आमचा माल तर प्लास्टिकच्याच ड्रममध्ये येतो. पण प्लास्टिकमधून प्लास्टिसायझर उतरतो, डीईएचपी नावाच्या प्लास्टिसायझरचा सोडियमवाला पीक ४१३.२७ ला बसतो आणि लोक त्याला आपला माल समजून मोकळे होतात. पीईजी तर साबणात आहे, हाताच्या क्रीममध्ये आहे, सगळीकडं आहे. म्हणून नुसत्या सॉल्व्हंटची ब्लँक बाटली पण सोबत पाठवा. आम्ही पाठवली आणि तिचा उपयोग झाला, रिपोर्टमध्ये ब्लँकचा स्पेक्ट्रम शेजारी होता.

पहिला रिपोर्ट आला तेव्हा मात्र मी नाराज झालो. पीडीएफमध्ये स्पेक्ट्रमचा फोटो, पीकवर सॉफ्टवेअरनं छापलेले आकडे, आणि खाली टेबलात दोन ओळी, की मुख्य घटक ट्रायसिलोक्सेन इथॉक्सिलेट, किरकोळ घटक नॉनआयनिक सरफॅक्टंट. ट्रेडरला हेच पाहिजे होतं. पण स्पेक्ट्रम नीट बघितला तर त्यात दोन कंगवे होते, दोन्ही ४४ च्या अंतराचे. एक ५९५, ६३९, ६८३ असा चाललेला, दुसरा ६११, ६५५, ६९९ असा, म्हणजे पहिल्यापासून बरोबर १६ नं पुढं.

इथं थोडं खोलात जातो कारण आख्ख्या प्रकरणाची गाठ इथंच आहे. नॉनिलफिनॉलवर नऊ ईओ (इथिलीन ऑक्साईडच्या, म्हणजे पीईजीवाल्याच ४४ च्या कड्या) आणि सोडियम, वजन ६३९.४१. ट्रायसिलोक्सेनवर आठ ईओ आणि सोडियम, वजन ६५५.३३. इथपर्यंत ठीक. पण त्याच नॉनिलफिनॉलनं सोडियमऐवजी पोटॅशियम उचललं तर वजन किती होतं? ६५५.३८. पोटॅशियम आणि सोडियममधला फरक १५.९७ आहे, त्यामुळं नॉनिलफिनॉलची पोटॅशियमवाली सिरीज बरोबर सिलिकॉनच्या सोडियमवाल्या सिरीजवर येऊन बसते, फरक फक्त ०.०५ चा. म्हणजे ६५५ चा पीक दाखवून कुणी म्हणलं हे सिलिकॉन, तर ते खरं असेल, किंवा तो सगळा नॉनिलफिनॉल असेल, किंवा दोन्ही एकावर एक. आणि पोटॅशियम काही मुद्दाम टाकावं लागत नाही, काचेतून, पाण्यातून, कॅटॅलिस्टमधून येतंच, इथॉक्सिलेशन बऱ्याच ठिकाणी पोटॅशियम हायड्रॉक्साईडवरच करतात. ज्यानं नुसतं पूर्णांकात वाचलं त्याचा निकाल नाण्याच्या छापा-काट्यासारखा.

मी मॅडमला फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही, आणि म्हणल्या की तो रिपोर्ट ज्युनिअरनं लायब्ररी मॅच करून काढलेला आहे, मी स्वतः बघते. यासाठी त्यांना पूर्ण मार्क. मग त्यांनी जे केलं ते शिकण्यासारखं आहे. आधी आयसोटोप बघितले. सिलिकॉनला २८ सोबत २९ आणि ३० असे जड भाऊ असतात, एका रेणूत तीन सिलिकॉन म्हणल्यावर मुख्य पीकच्या पुढचे छोटे पीक उचललेले दिसायला पाहिजेत. ते थोडे उचललेले होते, पण पोटॅशियमला पण ४१ चा जड भाऊ आहे, तो नेमका दोन घरं पुढचाच पीक फुगवतो, त्यामुळं तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. मग सॅम्पलमध्ये सोडियमचं मीठ मुद्दाम भरपूर टाकलं. तर्क सरळ आहे, ६५५ चा पीक पोटॅशियमचा असेल तर सोडियमच्या गर्दीत तो विरघळून जाईल आणि ६३९ वाढेल, सिलिकॉनचा असेल तर जागा सोडणार नाही. ६५५ ची उंची चांगलीच खाली आली, पण पीक गेला नाही. म्हणजे दोन्ही होते, एकावर एक बसलेले.

मी म्हणलं लिथियम टाकून बघायचं का. त्या म्हणल्या नको, सोडियम आणि लिथियममधला फरक पण तेवढाच आहे, मग सिलिकॉनचा लिथियमवाला पीक नॉनिलफिनॉलच्या सोडियमवाल्यावर, ६३९ लाच जाऊन बसेल आणि तोच गोंधळ दुसऱ्या घरात होईल. त्यांनी सीझियम वापरलं. सीझियम १३२.९ वजनाचा, आयसोटोप एकच, आणि सोडियम-पोटॅशियमपासून इतका लांब की त्यांच्या सिरीज याच्यावर येतच नाहीत. सीझियमच्या स्पेक्ट्रममध्ये ७४९.३२ ला नॉनिलफिनॉल आणि ७६५.२५ ला ट्रायसिलोक्सेन, दोन कंगवे स्वच्छ वेगळे, शेजारी शेजारी. तो स्पेक्ट्रम मी मोबाईलवर बघितला तेव्हा खरं सांगतो अंगावर काटा आला. एवढे दिवस ज्याच्यावर नुसती तोंडातोंडी चालू होती ते समोर छापलेलं दिसत होतं.

साठवणुकीत माल तुटला का, याचं पण उत्तर मिळालं. आमच्या गोडाऊनमधल्या ड्रमचं आणि ट्रेडरच्या सीलबंद ड्रमचं, दोन्हीचं सॅम्पल पाठवलं होतं, दोन्हीत नॉनिलफिनॉलचा कंगवा होता. साठवणुकीत काहीही तुटलं तरी त्यातून नॉनिलफिनॉल तयार होत नाही. ४३३ च्या आसपास एक छोटी सिरीज पण होती, ती अलाईल पॉलिइथरची, म्हणजे सिलिकॉन जोडताना जे पॉलिइथर जास्तीचं घालतात त्यातलं उरलेलं. ते सगळ्याच मालात थोडंफार असतं, ते बघून भांडायला जाऊ नका.

इथं एक गोष्ट ठासून सांगतो कारण ट्रेडरनं लगेच तोच मुद्दा काढला. पीकची उंची म्हणजे टक्केवारी नाही. कोणता रेणू सोडियम पटकन उचलतो, कोणता हळू, त्यावर उंची ठरते. माझा ड्रम एवढे टक्के भेसळीचा आहे असं मास स्पेकवरून डायरेक्ट बोलता येत नाही, आणि जी लॅब तसं लिहून देते तिच्यापासून लांब राहा. मॅडमनी लिहून दिलं नाही, उलट एनएमआर (चुंबकात ठेवून रेणूतले हायड्रोजन मोजायची टेस्ट) करायला सांगितलं. एनएमआरमध्ये सिलिकॉनवरचे मिथाईल शून्याच्या आसपास येतात आणि नॉनिलफिनॉलचे रिंगवाले हायड्रोजन ६.८ ते ७.२ मध्ये, दोन्हीचं क्षेत्रफळ मोजलं की प्रमाण निघतं. ते केलं. आकडा इथं टाकत नाही कारण ट्रेडरसोबत हिशोब अजून चालू आहे, पण किरकोळ म्हणण्यासारखा नक्कीच नव्हता.

आणि हा विषय नुसता पैशाचा नाही. नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट माती-पाण्यात तुटत तुटत शेवटी नॉनिलफिनॉल उरतं, ते माशांमध्ये स्त्री-हार्मोनसारखं काम करतं, युरोपनं २००३ मध्येच त्याच्यावर कडक बंधनं आणली. आपल्याकडं हे फवारणीच्या पाण्यातून शेतात जातंय आणि बाटलीवर लिहिलंय सिलिकॉन. ज्यानं पैसे मोजलेत त्याला बाटलीत काय आहे ते कळायला पाहिजे.

शेजारच्या युनिटवाल्या मित्रानं पण माझं बघून त्याचं सॅम्पल दिलं, त्याचा अनुभव थोडक्यात टाकतो. तो ॲडिपिक ॲसिड आणि ब्यूटेनडायॉलचं पॉलिऑल (टोकाला ओएच असलेलं पॉलिमर) घेतो, पीयू म्हणजे पॉलियुरेथेन ॲडहेसिव्हसाठी. हायड्रॉक्सिल व्हॅल्यू (मालात ओएच किती ते) बरोबर यायची तरी क्युअरिंग ढिलं पडायचं. स्पेक्ट्रममध्ये २००.१ अंतराचे तीन कंगवे. पाच कड्यांचं बघितलं तर दोन्ही टोकाला ओएच असलेली चांगली साखळी १११३.६ ला, एका टोकाला ॲसिड राहिलेली १०४१.५ ला, आणि गोल फिरून स्वतःलाच चिकटलेली, टोकच नसलेली, १०२३.५ ला. ही गोल रिंग आयसोसायनेटसोबत (पीयूचा दुसरा घटक) रिॲक्टच होत नाही, नुसती आत पडून राहते. हायड्रॉक्सिल व्हॅल्यूला ती दिसत नाही, ॲसिड व्हॅल्यूलाही नाही. थोड्या रिंगा सगळ्याच पॉलिएस्टरमध्ये होतात, पण त्याच्या जुन्या चांगल्या लॉटशी तुलना केली तर नव्या लॉटमध्ये जास्त होत्या. जुना लॉट जपून ठेवलेला असणं इथं कामाला आलं, तुम्ही पण प्रत्येक लॉटची एक काचेची बाटली बाजूला काढत जा.

आता कुणी पाठवू नये ते. ड्रिपच्या नळीवाले, गोणपाटवाले, म्हणजे पॉलिइथिलीन-पॉलिप्रॉपिलीनवाले, मॅल्डीच्या नादी लागू नका. त्या साखळीत ऑक्सिजन नाही, डबल बाँड नाही, सोडियमला धरायला जागाच नाही, लेसर मारून काही वर येत नाही. पॉलिस्टायरीनला निदान रिंग आहे म्हणून चांदीचं मीठ टाकून काम होतं. तुमच्या नळीला मेल्ट फ्लो, डेन्सिटी, कार्बन ब्लॅक ह्या टेस्ट लागतात, त्यासाठी आपल्या संभाजीनगरातच सिपेट (प्लास्टिकची सरकारी संस्था) आहे, पुण्याला जायची पण गरज नाही. वजनाचं वितरणच पाहिजे असेल तर हाय टेंपरेचर जीपीसी (साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणारी टेस्ट), त्यात ट्रायक्लोरोबेंझीनमध्ये दीडशे डिग्रीच्या आसपास विरघळवून करतात.

दुसरं, ज्यांच्या पॉलिमरमध्ये साखळ्यांची लांबी फारच कमी-जास्त आहे त्यांनी मॅल्डीच्या एमएन, एमडब्ल्यूवर (साखळ्यांच्या सरासरी वजनाचे दोन आकडे) विश्वास ठेवू नका. डिस्पर्सिटी (साखळ्यांच्या वजनातली तफावत, सगळ्या सारख्या असतील तर १) साधारण १.२ च्या वर गेली की जड साखळ्या कमी दिसतात, कारण हलके रेणू डिटेक्टर आधीच भरून टाकतात आणि जड आयन हळू येऊन आपटतात, त्यांचा सिग्नल कमी पडतो. रिपोर्टवर १.०५ छापून येतं आणि मालक खूश होतो की आपला माल किती एकसारखा, आणि तिकडं जीपीसी वेगळंच सांगत असतं. जीपीसी पण धुतल्या तांदळाचं नाही, ते पॉलिस्टायरीनच्या फूटपट्टीनं तुमचं पॉलिमर मोजतं, द्रावणात फुगलेला आकार बघतं, वजन नाही. चांगली लॅब दोन्ही जोडते, जीपीसीमधून बाहेर पडणारे छोटे छोटे भाग वेगळे धरून प्रत्येकाचं मॅल्डी करते, त्या भागात साखळ्या जवळपास सारख्या असल्यामुळं आकडा खरा येतो, आणि त्यावरून जीपीसीची फूटपट्टी दुरुस्त होते. या लॅबमध्ये ती सोय आहे असं सांगितलं, मी वापरलेली नाही.

तक्रारी. सगळ्यात मोठी रॉ डेटाची. पीडीएफमधल्या फोटोवरून ६५५.३३ का ६५५.३८ हे कुणीच सांगू शकत नाही, मूळ फाईल लागते. मागितली तर आधी म्हणाले पॉलिसी नाही, मग म्हणाले मेल करतो, मग दर वेळी वेगळाच माणूस फोन उचलायचा. शेवटी मॅडमनीच पाठवली, टेक्स्ट फाईल, आणि ती कुठल्याही फ्री सॉफ्टवेअरमध्ये उघडते. अहो पैसे आम्ही दिलेत, सॅम्पल आमचं, तर डेटा मागायला एवढी दमछाक कशाला? दुसरी तक्रार, कॅलिब्रेशन कशावर केलं ते पहिल्या रिपोर्टवर लिहिलेलंच नव्हतं. ०.०५ च्या फरकावर निकाल उभा असताना हे चालत नाही. तिसरी, इंडस्ट्रीचा रेट आणि कॉलेजचा रेट यात फरक असतो हे मान्य, पण छोट्या युनिटसाठी मधला काहीतरी स्लॅब ठेवायला पाहिजे, वर १८ टक्के जीएसटी आहेच.

बुक करताना मेलमध्ये मी आता हे सगळं आधीच लिहून देतो की दोन वेगवेगळ्या मिठांवर रन पाहिजे, हजाराच्या आसपासचा माल असेल तर रिफ्लेक्ट्रॉन मोडमध्येच (आयन आरशासारखे परतवून पीक धारदार करतात तो) पाहिजे कारण लिनिअरमध्ये, म्हणजे सरळ नळीत, आयसोटोप सुटे दिसत नाहीत, ब्लँक शेजारी छापा, कॅलिब्रेशनला कोणतं स्टँडर्ड वापरलं ते लिहा, रॉ फाईल सोबत द्या. असं लिहून दिलं की समोरचा पण ओळखतो की हा वाचणारा गिऱ्हाईक आहे, आणि फाईल बरोब्बर सीनिअरच्या टेबलावर जाते.

विद्यार्थ्यांनी खाजगी लॅबच्या नादी लागू नये. आय-स्टेम नावाचं सरकारी पोर्टल आहे, देशभरातली संस्थांमधली मशीनं त्यावर शोधून बुक करता येतात, डीएसटीच्या (केंद्राचा विज्ञान विभाग) सैफ नावाच्या टेस्टिंग सेंटर्समध्ये विद्यार्थ्यांना वेगळा कमी रेट असतो, पुण्याला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आहे. आपल्या विद्यापीठातल्या आणि नांदेडच्या पोरांनी गाईडची सही घेऊन सरळ अर्ज करावा, लाजू नये. वेळ लागतो पण काम होतं.

ट्रेडरचं काय झालं हे विचाराल, तर सीझियमचा स्पेक्ट्रम आणि एनएमआर दोन्ही घेऊन मालकांसोबत मी पण गेलो. शेठ आधी म्हणले, "हे कागद आम्हाला कळत नाहीत, सीओए बघा." मालक म्हणले, "शेठ, तुमच्या कंपनीच्या केमिस्टला पाठवा, त्याला कळतील." केमिस्टला पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी सूर बदलला, न उघडलेले ड्रम परत घेतले, उघडलेल्याच्या पैशावर बोलणं चालू आहे. नवा माल दुसरीकडून घेतोय, आणि सीझन सुरू व्हायच्या आधी प्रत्येक नव्या लॉटचं सॅम्पल याच लॅबला जाणार, मॅडमच्या नावानं, सीझियमचा रन धरूनच. रॉ फाईल न मागता रिपोर्टसोबत आली त्या दिवशी इथं येऊन पाचवा स्टार देतो.